काडी कुणाची?

"काका, तुमची बोटं कुठं गेली?"

विचारलं! तृप्तीने खरोखर विचारलं. मागे बाभळीच्या आडोशाला नूतन आणि रुबिना एकमेकींचे दंड घट्ट धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. सातपूरच्या कारखान्यांमधलं ते पत्रा कापायचं प्रेस शॉप त्यांच्या शाळेच्या वाटेवर होतं आणि त्याच्या गेटवरचा गोटीराम वॉचमन डावा हात कायम खाकी पँटच्या खिशात घालून बसायचा. सलाम उजव्या हाताने. तंबाखूसुद्धा मांडीवर ठेवून उजव्याच अंगठ्याने मळायचा. नूतनचं म्हणणं, त्याची बोटं सुतळी बॉम्बमध्ये उडाली. रुबिनाचं म्हणणं, कुत्र्याने खाल्ली.

"वक्तृत्वाचा कप आणल्यापासून फार चुरूचुरू बोलतेस ना? मग जा, विचारून दाखव," रुबिना म्हणाली होती. आणि कप मिळाल्यापासून तृप्तीची गतच अशी झाली होती की तिला कुणी 'जा' म्हटलं की थांबणं जमायचं नाही. जिभेला हाड कुणाच्याच नसतं, तिच्या जिभेला आता लगामही उरला नव्हता.

गोटीराम रागावला नाही. त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बोटं व्हय? रिटायर झाली. माझ्याआधीच."

आणि त्याने हात खिशातून बाहेर काढला. अंगठा होता, करंगळी होती. मधली तीन नव्हती. तिथे नुसती गुळगुळीत, गुलाबी कड होती, वापरून झिजलेल्या साबणासारखी. मागे रुबिनाने 'या अल्ला' म्हटलं आणि दोघी चक्क पळाल्या.

तृप्ती मात्र हलली नाही. तिला भीती वाटली नव्हती असं नाही. पण नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने 'माणसाचा हात' हाच विषय घेतला होता आणि देवरेबाईंनी आठवडाभर तिच्या डोक्यात फक्त हातच भरला होता. मनगटात चिंचोक्यांसारखी आठ हाडं, तळव्यात पाच, बोटांत चौदा. पुठ्ठ्याचा हात, त्यावर चिकटवलेले स्ट्रॉचे तुकडे, त्यांतून ओवलेले दोरे. दोरा ओढला की बोट मिटतं.

"काका, मधलं बोट मिटून बघा ना."

"कोन्चं? नसलेलं?"

"हो. मिटतोय असं मनात आणा." आणि तिने सरळ त्याच्या कोपराखाली, मऊ बाजूला, आपला तळवा ठेवला.

गोटीरामने डोळे बारीक केले. तिच्या तळव्याखाली काहीतरी सळसळलं. पोत्याखालून उंदीर पळावा तसं.

"हललं!" ती ओरडलीच. "बघा! बोटांत हलवणारं मांस नसतंच मुळी. ते इथं असतं, कोपराखाली. इथून दोऱ्या निघतात, मनगटाच्या बोगद्यातून जातात आणि बोटं ओढतात. तुमची बोटं गेली, पण ओढणारा अजून इथंच बसलाय. ओढतोय."

गोटीराम आपल्या हाताकडे बघत राहिला. मघाची मस्करी तोंडावरून पार पुसली गेली.

"म्हंजे," तो हळूच म्हणाला, "त्येला अजून खबरच नाय?"

तृप्तीने तळवा काढून घेतला.

"तू चंदरची पोर ना? तीन नंबरच्या प्रेसवाल्याची?" त्याने हात परत खिशात घातला. "बापाची बोटं मोजत जा घरी आला की. आनि त्येला म्हनावं, काडी घालू नको. माझंबी त्यातच झालं."

आता मात्र तृप्ती भडकली. "माझे बाबा कुणाच्या काड्या घालत नाहीत! इकडचं तिकडे करायची सवय नाही त्यांना. चाळीत कुणालाही विचारा!"

गोटीराम एवढा हसला की त्याला ठसका लागला. "तुझा बाप? तो काय लोकांत काडी लावनार! त्याच्या तोंडून शब्द फुटायला भोंगा वाजावा लागतो. अगं, मशीनला काडी, येडे. मशीनला."

आतून भोंगा झाला. सुपरवायझर शामसुंदर साहेबांची स्कूटर वळताना दिसली, तसा गोटीराम ताडकन उभा राहिला आणि उजवा हात कपाळाला लावला. "जा, शाळंला जा," तो ओठ न हलवता म्हणाला.

*

चंदर गावित पेठच्या पलीकडच्या पाड्यावरून सातपूरला आला तेव्हा त्याला दोनच कामं येत होती, भात लावायचं आणि नागली कापायची. प्रेस त्याने पाहून पाहून शिकली. नऊ वर्षं तो एकाच शेडमध्ये होता आणि नऊही वर्षं टेंपररी. सकाळी अंघोळ, डबा, सायकल. संध्याकाळी हात धुणं. त्याचं हात धुणं हा एक कार्यक्रम असायचा. आधी रॉकेलचा बोळा, मग साबण, मग राख, मग परत साबण. तरी नखांच्या कडांना काळी रेघ राहायचीच. रविवारी तो बाजारातून मेथी आणायचा, निवडायचा आणि निवडताना झोपून जायचा. त्याच्याबद्दल कुणाला काही सांगायची वेळ आली तर चाळीतले लोक म्हणायचे, "चंदर ना? चांगला माणूस." आणि पुढे काही आठवायचं नाही.

त्या संध्याकाळी तृप्तीने पुठ्ठा पुढे सरकवला. "बाबा, हात ठेवा. प्रदर्शनासाठी मोठ्या माणसाचा हात हवाय."

"धुतलाय, पन वास येईल."

"येऊ दे. डावा ठेवा."

चंदरने बोटं फाकवून हात ठेवला. पेन्सिल बोटांच्या कडेने फिरू लागली तशा त्याला गुदगुल्या झाल्या आणि तो लहान मुलासारखा हसला. तर्जनीवर विळ्याचा जुना, तिरपा वण होता. मधल्या बोटाचं नख अर्धं काळं.

"तिन्हीसांजेला कसला हात गिरवतीस?" चुलीपाशी... चुलीपाशी कसली, स्टोव्हपाशी बसलेली तिची आई, सरिता म्हणाली. "उद्या उजेडात काढ की."

"बाबा," पेन्सिल अंगठ्याशी आली तेव्हा तृप्ती म्हणाली, "तुम्ही मशीनला काडी घालता?"

हात पुठ्ठ्यावरच होता, पण त्यातली ऊब एकदम कमी झाल्यासारखी वाटली.

"कोन बोललं?"

"घालता की नाही?"

चंदरने सरिताकडे पाहिलं. सरिता भाकरी थापत राहिली, नेहमीपेक्षा जरा जोरात.

"प्रेसला दोन बटनं असत्यात," तो शेवटी म्हणाला. "एक हिकडं, एक तिकडं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली येते. म्हंजे हात बाहेर राहावं म्हनून. पन तसं केलं तर पत्रा कोन सरकवनार? सरकव, हात काढ, दोन्ही दाब, परत सरकव. निम्मं काम निघतं. म्हनून डाव्या बटनात आगकाडी अडकवायची. ते दाबल्यालंच राहातं. मग उजवा हात बटनावर, डावा पत्र्यावर."

"म्हणजे डावा आत!"

"आत-बाहेर. ताल असतो त्याला. भात लावताना नसतो का? सगळेच घालत्यात."

"आणि ताल चुकला तर?"

चंदरने हात उचलून घेतला. पुठ्ठ्यावर अंगठा अर्धाच राहिला होता. "दिवाळीला दोघांला पर्मनंट करनार हायती. माझं नाव हाय, तृप्ते. नऊ वर्सांत पयल्यांदा. आता तू मधीच काडी लावू नको."

त्या शेडमध्ये बोट तुटलं असं कुणी म्हणत नसे, हे तिला त्या दिवशी आईकडून कळलं. 'बोट दिलं' म्हणायचे. गोटीरामने तीन दिली. त्याच्याआधी कळवणच्या एकाने अंगठा दिला. देवाला नारळ द्यावा तसं.

तृप्ती रोज संध्याकाळी बोटं मोजायला लागली. चंदर सायकल लावायचा, तेव्हाच ती खिडकीतून बघून घ्यायची. हँडलवर पाच आणि पाच.

*

खंडेनवमीला शेडची दारं घरच्यांसाठी उघडायची. एरवी अख्खी गल्ली हादरवणाऱ्या प्रेसा त्या दिवशी चूप असायच्या. तेल पुसून, झेंडूच्या माळा घालून, कपाळाला म्हणजे लोखंडी माथ्याला हळदकुंकू लावून उभ्या. बायका नव्या साड्या सावरत जपून चालायच्या, पोरं पेढ्याच्या ताटाभोवती. तृप्ती प्रथमच बापाची मशीन जवळून बघत होती. तीन नंबरची प्रेस दोन पुरुष उंच होती. वरचा जबडा माळेतून बाहेर आला होता आणि खालच्या लोखंडावर कुणीतरी नारळ फोडला होता. पाणी अजून ओलं होतं.

तिने बटणं शोधली. उजवं हिरवं बटण वर उठलेलं होतं. डावं आत दबलेलं. त्याच्या कडेत काडी होती. तेल पिऊन पिऊन काळीभोर झालेली. पूजेसाठी सगळं पुसलं होतं, तिला मात्र कुणी हात लावला नव्हता. तिच्यावर कुंकवाचा शिंतोडासुद्धा उडाला होता.

शामसुंदर साहेब आरतीचं ताट घेऊन तिथे आले. गोरे, हसतमुख, शर्टाला घडी. "काय बाळ, बाबांची मशीन आवडली का?"

या वेळी कुणी पैज लावली नव्हती. चंदर तिच्याकडेच बघत होता आणि डोळ्यांनी 'नको' म्हणत होता, अगदी स्पष्ट. पण तिच्या डोळ्यांपुढे पुठ्ठ्यावरचा तो अर्धा अंगठा आला.

"साहेब, दोन्ही बटणं दाबली तरच ही खाली येते ना? हात आत राहू नये म्हणून?"

"वा! हुशार आहे."

"मग या बटणात काडी का आहे?"

साहेबांच्या पत्नीही जवळच उभ्या होत्या, मालकांकडचे पाहुणे होते. साहेबांचं हसू जागेवर राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

"कुणाची ही?" त्यांनी विचारलं.

मुलगी की काडी, कळायला मार्ग नव्हता. चंदर पुढे झाला.

"माझी," तो म्हणाला.

"अरे, भिंतीवर बोर्ड लावलाय एवढा मोठा! सेफ्टी आधी! किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना?" साहेबांनी चिमटीने काडी उपसली आणि सगळ्यांना दिसेल अशी जमिनीवर टाकली. बटण 'टक्' करून वर आलं. चंदर मान खाली घालून उभा होता. जिंकलो, असं तृप्तीला एक क्षणभर वाटलं. मग तिला बापाचे कान दिसले. लाल झाले होते.

घरी जाताना तो सायकल हातात धरून चालला.

*

दसरा झाला आणि कामाच्या पहिल्याच दिवशी चंदर डबा विसरला. नऊ वर्षांत कधी विसरला नव्हता. "जा, देऊन ये," सरिता म्हणाली, "आन तोंड बंद ठेव."

"दारापर्यंतच जायचं," गोटीरामने बजावलं. "आत पाय नाय."

ती शेडच्या दारात उभी राहिली. धडाका असा की डब्याचं झाकण हातात थरथरत होतं. तीन नंबरवर बाबा नव्हते. ते लांब भिंतीशी, पॅकिंगच्या टेबलावर खोकी चिकटवत होते. तीन नंबरवर दत्तूमामा होता. खरा मामा नव्हे, चाळीतल्या तानुबाईचा नवरा. गणपतीत नाशिक ढोल वाजवायचा आणि पोरींना 'काय गं कलेक्टरनी' म्हणून हाक मारायचा. तो दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबत होता. सरकव, काढ, दाब. सरकव, काढ, दाब.

शामसुंदर साहेब त्याच्यामागे येऊन उभे राहिले. घड्याळात बघितलं. काहीतरी बोलले, आवाजात ऐकू आलं नाही. दत्तूमामाने मान हलवली, नको म्हणून की हो म्हणून, कळलं नाही. मग साहेबांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढली, एक काडी काढून तिचं गुल मोडलं आणि त्याच्या पुढ्यात धरली.

दत्तूमामाने ती घेतली.

तृप्तीने टेबलाकडे बघितलं. चंदरही तेच बघत होता. मग त्याला दारात उभी असलेली पोरगी दिसली. दोघांची नजरानजर झाली आणि चंदरने मान खाली घालून खोक्यावरची चिकटपट्टी दाबायला घेतली. दाबलेलीच पुन्हा दाबली.

*

दत्तूमामाने दिवाळीच्या आधी दोन बोटं दिली.

दवाखान्यात तृप्ती गेली नाही, तिला नेलं नाही. चाळीच्या नळावर बायका कुजबुजत होत्या. एकजण सरिताला म्हणाली, "पोरीच्या तोंडानं नवऱ्याचा हात वाचला गं तुझा." सरिताने कळशी अर्धीच भरली आणि घरात आली.

तानुबाई आली ती चौथ्या दिवशी. आत बसली नाही, उंबऱ्यातच बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत.

"चंदरभाऊ, साहेब म्हनत्यात काडी यांची. यांनीच घातली म्हनत्यात. कंपनीनं नाय म्हनं सांगितलं, उलट बोर्ड लावलाय. आता काय बी मिळायचं नाय, कामबी नाय." तिने मान वर केली. "उद्या सरकारचा इन्स्पेक्टर येनार हाय. तुमी तितंच होता ना त्या दिशी? साहेबांनी यांला काडी दिली ती तुमी पायली आसंल."

चंदर जमिनीकडे बघत होता.

"मी लांब होतो, वैनी," तो म्हणाला. "पॅकिंगला."

तानुबाईने पदराचं टोक बोटावरून सोडलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. जाताना तिने दार आपल्या हाताने ओढून घेतलं, अगदी हलक्या हाताने, कुणी झोपलेलं असावं तसं.

तृप्ती सकाळी लवकर निघाली आणि गोटीरामच्या समोर जाऊन उभी राहिली. "तुमच्या वेळी काडी कुणी दिली होती, काका?"

"शाळंची येळ झाली."

"काका."

"मला ही खुर्ची दिलीया, पोरी." त्याने खुर्चीच्या हातावर थोपटलं. "काडी माझी म्हनून अंगठा उठवला, तवा खुर्ची दिली. खुर्चीवरून बोलता येत नाय." मग आजूबाजूला बघून तो म्हणाला, "इन्स्पेक्टर दहाला येनार हाय. ह्याच गेटातून."

ती शाळेच्या दिशेने वळली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि तशीच परत फिरून घरी आली. दप्तर आदळत होतं पाठीवर. दत्तूमामा तीन नंबरवर का गेला, हे तिला ठाऊक होतं. तिच्या प्रश्नाने जागा रिकामी झाली म्हणून गेला. मशीनला हात लागतोच. तिने एक बाजूला केला, दुसरा पुढे आला.

चंदर निघायच्या तयारीत होता. एका पायात चप्पल, दुसरी शोधत. सरिता डब्यात भाजी भरत होती.

"शाळा नाय का?" सरिता म्हणाली.

"आज जाणार नाही." सभेत बोलायची तिला सवय होती, पण हा आवाज तो नव्हता. हा बारीक होता आणि मध्येच फाटत होता. "मी तानुमावशीबरोबर गेटवर थांबणार आहे. इन्स्पेक्टरांना सांगणार आहे."

"काय सांगनार?" चंदरने विचारलं. त्याला ठाऊक होतं.

"साहेबांच्या खिशात काडेपेटी होती. त्यांनी गुल मोडलं आणि काडी दिली. मी दारातून पाहिलं."

"अगं यांचं नाव अजून हाय पर्मनंटच्या यादीत!" सरिताचा चमचा डब्यावर आपटला. "नऊ वर्सं काढलीत त्यांनी! आपला हात वाचला ना? मग? त्यांच्या ताटात माती कालवायला निघालीस व्हय? सांगा ना हिला काही!"

दुसरी चप्पल चंदरला सापडली होती, पण ती त्याने पायात घातली नाही. तो पलंगाच्या कडेवर बसला. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते, सगळेच्या सगळे, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नसावं.

तृप्ती त्याच्यासमोर खाली बसली.

"बाबा, तुम्ही येऊ नका. बोलूही नका. तुमचं नाव कापतील, ते मला माहीत आहे. तरी मी जाणार आहे. इन्स्पेक्टरांनी विचारलं, आणखी कुणी पाहिलं का, तर मी म्हणेन मला माहीत नाही. तुम्ही कुठे बघत होतात, ते मी सांगणार नाही."